हजार की एक हजार चोवीस

सोमवार, ३ फेब्रुवारी

परवा घशाची शस्त्रक्रिया झाली. स्वरयंत्रावरची गाठ काढली. गाठ साधी निघाली, भिण्यासारखं काही नाही. पण निघताना डॉक्टरीणबाईंनी जी शिक्षा सुनावली ती फाशीच्या खालोखाल आहे. महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं म्हणे घसा जास्तच ताणतो. मी खुणेनं विचारलं, शिट्टी? त्या हसल्या नाहीत.

उभा जन्म शाळेच्या मैदानावर गेला. खेळाचा मास्तर म्हणून निवृत्त होईपर्यंत मला कधी कर्णा लागला नाही. मैदानाच्या त्या टोकाला कुणाच्या बुटाची नाडी सुटली तर मी या टोकावरून सांगत असे. आता तोंडाला कुलूप. म्हणून ही वही आणली. बोलणं कुठेतरी सांडायला हवंच, नाहीतर माणूस फुटेल.

आणि नियतीची गंमत बघा, नेमक्या याच आठवड्यात मुंगीला बढती मिळाली!

मुंगी म्हणजे आमची एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि अंगापेक्षा मोठं ओझं उचलायची खोड पहिल्यापासून, म्हणून मुंगी. कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ती मूळ प्रणाली तयार करणाऱ्या एका संस्थेत ती काम करते. शाळा, वाचनालयं, दवाखाने असल्या ठिकाणी ती प्रणाली फुकट वापरतात. त्यात आपले फोटो, गाणी, कागदपत्रं ज्या चौकटीत मांडलेली दिसतात तिला हे लोक फाइलींची खिडकी म्हणतात. लाखो माणसं रोज ती खिडकी उघडतात. आणि आजपासून तिची प्रमुख कोण, तर माझी मुलगी.

जिन्यात वरच्या मजल्यावरचे वकील भेटले. मी लगेच चिठ्ठी लिहिली, ‘मुलगी प्रमुख झाली.’ त्यांनी विचारलं, “कशाची?” मी लिहिलं, ‘खिडकीची.’ त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि हिला बाजूला घेऊन विचारलं, “वहिनी, शस्त्रक्रिया घशाचीच होती ना?”

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज मुक्यानं भांडून आलो.

शाळेच्या क्रीडास्पर्धांची चित्रणं एका जागी ठेवावीत म्हणून बाजारातून पेनड्राइव्ह आणला. पाकिटावर ठसठशीत ६४ जीबी. घरी येऊन लावला तर पडद्यावर ५९.६. साडेचार जीबी गडप! शंभर मीटरची शर्यत सांगून त्र्याण्णव मीटर पळवायचं? तसाच उठलो आणि दुकानात गेलो. कागदावर लिहिलं, ‘यात माल कमी आहे.’ दुकानदारानं वाचलं आणि म्हणाला, “काका, सगळे असेच असतात.” मी खाली लिहिलं, ‘म्हणजे सगळेच चोर?’ मागे रांग लागली. हाताचे पंजे उघडून, मिटून, टेबलावर आपटून जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. एका बाईनं मला बसायला स्टूल दिलं. अपमान याला म्हणतात.

संध्याकाळी मुंगीला खुणांनी सगळं सांगितलं. ती आधी पोट धरधरून हसली. मग म्हणाली, “बाबा, रोज कुठेतरी कुणीतरी असंच दुकानात जाऊन भांडतं. दुकानदार खोटा नाही आणि कॉम्प्युटरही खोटा नाही. दोघांचं माप वेगळं आहे आणि नाव मात्र एकच. मला तेच बदलायचंय.”

खिडकीची प्रमुख म्हणून ती पहिलं काम हेच हाती घेणार आहे. उगाच नाही बढती मिळाली!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

हल्ली मुंगी संध्याकाळी ऑफिसातून आली की चहा घेऊन गॅलरीत माझ्याशेजारी येऊन बसते. मी घशावरून हात फिरवून बरं आहे असं दाखवतो. बिचारीला माझ्या घशाची फार काळजी. पूर्वी ती आल्या आल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. आजारपणात मुलं जवळ येतात म्हणतात ते खरं. ही मात्र स्वयंपाकघरातून आमच्याकडे पाहत गालात हसत होती. कशाला कोण जाणे.

आज मुंगीनं मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. इथे लिहून ठेवतो, म्हणजे माझ्याही डोक्यात बसेल.

कॉम्प्युटर दुपटीनं मोजतो. दोन, चार, आठ, सोळा, असं करत पाचशे बारा आणि त्याची दुप्पट एक हजार चोवीस. जुन्या मंडळींनी पाहिलं, की हा आकडा हजाराच्या अगदी शेजारी आहे. मग नवीन नाव कोण शोधत बसणार? त्यांनी त्यालाच ‘किलो’ म्हणून टाकलं. किलो म्हणजे खरं तर हजार. किलोमीटर हजार मीटरचा, किलोग्रॅम हजार ग्रॅमचा. फक्त कॉम्प्युटरच्या खिडकीत किलो एक हजार चोवीसचा. डिस्क आणि पेनड्राइव्ह बनवणारे मात्र हजारानंच मोजतात.

“सुरुवातीला फरक चिमूटभर होता बाबा. हजारात चोवीस, कुणाला कळणार? पण वरच्या प्रत्येक पायरीला तो वाढतो. मेगाला शेकडा पाच, गिगाला, म्हणजे तुमच्या जीबीला, सात, टेराला जवळजवळ दहा. डिस्का मोठ्या झाल्या आणि चिमटीचं पोतं झालं.”

मला एकदम सुचलं. वहीत धावपट्टीचं चित्र काढून दाखवलं. बाहेरच्या पट्टीतल्या मुलाला पुढे उभं करतात, दरवर्षी एखादा पालक तक्रार करतो, पण अंतर सगळ्यांना सारखंच असतं. तसंच ना? ती म्हणाली, “नाही बाबा, तसं मुळीच नाही.” आणि पुढे सांगत राहिली. मी बोलू शकत असतो तर तसंच आहे हे तिला नक्की पटवलं असतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज मुंगीची नवी खिडकी जगभर गेली. आमच्याही कॉम्प्युटरवर आली. पेनड्राइव्ह लावला. चौसष्ट! मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. ही म्हणाली, “अहो, शेजारी झोपलेत.” दुपारी बारा वाजता कोण झोपतं?

लोकांनी मतं लिहावीत म्हणून त्यांच्या संस्थेचं एक चर्चेचं पान आहे. संध्याकाळी मुंगीच्या मांडीवरच्या कॉम्प्युटरवर तिथल्या पत्रांचा नुसता पाऊस पडत होता. एक वाचून होईस्तोवर दुसरं, दुसरं होईस्तोवर तिसरं. कुठल्या कुठल्या देशांतून! एवढी पत्रं तर आमच्या शाळेनं जिल्ह्याची ढाल जिंकली तेव्हाही आली नव्हती. माझी छाती अशी फुगली की वरचं बटण उघडावं लागलं.

मुंगी जेवली नाही. पोट भरलंय म्हणाली. आनंदानं होतं असं. हिनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ताट झाकून ठेवलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

ती अभिनंदनाची पत्रं नव्हती.

मुंगी चहा करायला आत गेली आणि मी पडद्यात डोकावलो. ‘या बाईला कॉम्प्युटरची मुळाक्षरं तरी येतात का?’ ‘सातशेची माझी फाइल एका रात्रीत सातशे चौतीसची झाली, हा काय चावटपणा?’ ‘डिस्क विकणाऱ्यांनी हिला विकत घेतलंय.’ ‘कुणी बसवलं हिला खुर्चीवर?’ याहून वाईटही होतं. ते मी या वहीत लिहिणार नाही, वही विटाळेल.

आणि सगळ्यांच्या वर दाढीवाल्याचा लांबलचक लेख. दाढीवाला म्हणजे ज्यानं ही खिडकी अगदी पहिल्यांदा बनवली तो. मुंगी त्याच्याच हाताखाली शिकली, त्याला सर म्हणते. त्यानं एकही वाईट शब्द वापरलेला नाही. त्याचं म्हणणं असं, की यंत्र दोनाच्या पटीत विचार करतं, त्याचं माप त्याच्याच भाषेत दाखवावं; इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांना सवय झालेली आकडेमोड एका माणसाला खटकली म्हणून बदलू नये. शेवटी लिहिलं होतं, ‘माझ्या विद्यार्थिनीबद्दल आदर ठेवून सांगतो, ती चुकते आहे.’

मुंगी कप घेऊन आली. मी पाहतोय हे तिनं पाहिलं. शेजारी बसून म्हणाली, “शिव्यांचं काही वाटत नाही बाबा. त्या देणाऱ्यांना मी ओळखत नाही. पण सरांचं रोज थोडं थोडं वाचते. एकदम वाचवत नाही.”

मी मुठी आवळून बसून राहिलो. घशात ओरडा येऊन अडकला. डॉक्टरीणबाई, तुमचं भलं होवो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

तोंडाला कुलूप आहे, हाताला नाही!

मुंगी ऑफिसला गेल्यावर त्या पानावर नाव नोंदवलं आणि लिहिलं. सणसणीत लिहिलं. एक हजार चोवीस हे माप नसून अंधश्रद्धा आहे. ज्यांचं वय झालं त्यांनी मैदान सोडून प्रेक्षकांत बसावं, दाढी वाढवून कुणी ऋषी होत नाही. खाली सही केली, ‘एक निःपक्षपाती जाणकार’. लिहून झाल्यावर असं हलकं वाटलं, की दोन अंडी जास्त खाल्ली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

नाव नोंदवताना फोटो मागितला होता. मी क्रीडास्पर्धेचा, मुंगीला पदक घालतानाचा माझा फोटो लावला होता. तेवढाच चांगला आहे.

आज सकाळी कुणीतरी ओळखलं. मग काय, ‘प्रमुखबाईंचे बाबा आले हो भांडायला!’ दिवसभर हसत होते सगळे. तिच्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी तिला बोलावून विचारलं, की हे लिहायला तू सांगितलंस का.

मला वाटलं होतं ती येऊन आदळआपट करेल. ती आली, चप्पल काढली, माझ्यासमोर बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “बाबा, मी शाळेत धावायचे तेव्हा तुम्ही कडेकडेनं ओरडत पळायचात. पाय उचल, मान सरळ, मागे बघू नकोस. सगळ्यांना वाटायचं काय नशीबवान मुलगी आहे. मला माझा श्वास ऐकू यायचा नाही बाबा. म्हणून सोडलं मी धावणं. गुडघा दुखतो म्हणून नाही.”

मी चिठ्ठी लिहिली. फाडली. दुसरी लिहिली, तीही फाडली. ती उठून आत गेली. दार लावलं.

तिचा गुडघा दुखत नव्हता, हे मला आज कळतंय. ही म्हणाली, “मला तेव्हाच माहीत होतं.” मग सांगितलं का नाहीस, असं खुणेनं विचारलं. म्हणाली, “तुमचं बोलणं थांबायची वाट बघत होते.”

रविवार, २३ फेब्रुवारी

संध्याकाळी गॅलरीत एकटाच बसलो. चहा निवला. त्या पानावर लिहिलेलं काढून टाकलंय.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

दुपारी मुंगी ऑफिसातून लवकर आली, चेहरा पांढराफटक. ही धावत पुढे झाली. “काय झालं गं?” मुंगी उभ्या उभ्याच सांगू लागली.

इथून बसनं तीन-चार तासांवर एक छोटं गाव आहे. तिथल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई गावातल्या वृद्ध माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात साठवतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर मुंगीच्या संस्थेचीच प्रणाली आहे. आवाज साठवणारा प्रोग्रॅम जुना, तो एक हजार चोवीसनं मोजतो. त्यानं सांगितलं, सगळं मिळून ६१ जीबी. मुंगीच्या नव्या खिडकीनं सांगितलं, पेनड्राइव्हवर जागा ६४ जीबी. बाईंना वाटलं, मावून उरेल. सगळं पाठवायला लावलं आणि त्या पुस्तकं लावायला गेल्या. शेवटी जागा संपली. तशी सूचना आली, ती वाचनालयातल्या कुणीतरी न वाचता मिटवली. बाईंनी समजून घेतलं की काम झालं, आणि नव्या मुलाखतींसाठी कॉम्प्युटरवरच्या मूळ फाइली पुसून टाकल्या. नंतर ऐकायला बसल्या तेव्हा शेवटच्या काही माणसांचे आवाज नव्हतेच. त्यातल्या एक आजी गेल्या महिन्यात वारल्या.

“सूचना वाचायला नको का त्यांनी?” ही म्हणाली. हेच मी म्हणणार होतो.

“आई, जुनी खिडकी असती तर त्यांना एकोणसाठ दिसलं असतं. एकसष्ट एकोणसाठात जात नाही हे त्यांना तिथेच कळलं असतं. माझ्यामुळे झालंय हे. मी माझी खिडकी बदलली आणि बाकीचे प्रोग्रॅम तसेच राहू दिले. एकाच घरात दोन मापं आणि दोन्हीचं नाव जीबी. मला बरोबर असायची एवढी घाई झाली होती!”

तिनं बाईंना फोनवर सांगून ठेवलंय, कॉम्प्युटर बंद करा आणि मी येईपर्यंत हात लावू नका. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही म्हणे, तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती खाली पडून असते.

बॅग भरता भरता ती माझ्याकडे वळली. “उद्या येता माझ्याबरोबर? एकटीला जायचा धीर होत नाहीये. बोलायचं मात्र नाही.”

मी घशाकडे बोट दाखवलं. शुक्रवारपासून पहिल्यांदा ती हसली.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

परत आलो. कालचा दिवस जसा झाला तसा लिहितो.

वाचनालय म्हणजे दोन खोल्या, खाली पोस्ट. ग्रंथपालबाई माझ्याच वयाच्या, चष्मा दोरीनं गळ्यात. मला वाटलं होतं त्या भडकतील. त्या फक्त म्हणाल्या, “आजींच्या मुलाला मी अजून सांगितलेलं नाही.” मुंगी म्हणाली, “बाई, चूक माझ्या खिडकीची आहे. मला आधी प्रयत्न करू द्या. नाही झालं तर मुलाला सांगायला मीही येईन तुमच्याबरोबर.”

मी कोपऱ्यातल्या बाकावर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मुलीला काम करताना पाहिलं. आधी कधी पाहिलंच नव्हतं, मला नेहमी काहीतरी सांगायचं असायचं. ती काम करताना खालचा ओठ दातांत धरते. मधूनच मान तिरकी करून पडद्याकडे बघते, जसं काही तिथे कुणी बसलंय आणि तिला त्याचं नीट ऐकायचंय. घाई नाही, थरथर नाही. मूळ डिस्कला धक्का लागू नये म्हणून आधी तिची अख्खी नक्कल काढली आणि मग त्या नकलेवर शोध सुरू केला.

दुपारपर्यंत बरेच आवाज सापडले. आजींचा नाही. त्यांच्या फाइलीचे तुकडे झाले होते आणि कुठला तुकडा कुठे जोडायचा ते कळत नव्हतं. मुंगीनं दोनदा उलटसुलट जोडून पाहिलं. मग फोन उचलला. “सर, मी बोलतेय. मदत हवीय.”

तिनं फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून त्या दाढीवाल्याचा आवाज आला, “डिस्कवर लिहिणं थांबवलंस ना? शाबास. आता मला पहिल्या तुकड्याचा पत्ता वाच.”

एवढंच. हजार नाही, एक हजार चोवीस नाही, माझी दाढीवरची मुक्ताफळंसुद्धा नाहीत. दोघं एकमेकांना आकडे सांगत होते आणि मध्येच एकदम हसतही होते. पूर्वी ती दोघं अशीच काम करत असणार. डिस्कच्या आतला हिशेब खरंच दोनाच्या पटीत होता. मुंगीच मला वळून म्हणाली, “बघा बाबा, इथे सरांचं बरोबर आहे. यंत्राच्या पोटात त्यांचंच माप चालतं.”

ऊन उतरायच्या सुमाराला खोलीत एक म्हातारा, खरखरीत आवाज आला. “चालू झालं का हे? माझं लग्न झालं तेव्हा मला पोहता येत होतं आणि नवऱ्याला येत नव्हतं. तिथून सुरुवात करते.” ग्रंथपालबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. आम्ही सगळे त्या आजींची गोष्ट शेवटपर्यंत ऐकत उभे राहिलो, कुणाला बसायचं सुचलं नाही.

एका माणसाची फाइल मात्र नाहीच सापडली. ते आजोबा सुदैवानं धडधाकट आहेत. बाईंनी त्यांना बोलावून सांगितलं तर म्हणाले, “बरंच झालं. मागच्या वेळी एक गोष्ट खोटी सांगितली होती. आता खरी सांगतो.”

बसमध्ये मुंगी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी हललो नाही. खांदा अजून दुखतोय.

शनिवार, १ मार्च

मुंगीनं त्या चर्चेच्या पानावर स्वतःच्या नावानं लिहिलं. पाठवण्याआधी मला वाचायला दिलं आणि म्हणाली, “सुधारू नका. फक्त वाचा.” पहिलंच वाक्य असं होतं, ‘माझ्या घाईमुळे एका वाचनालयातल्या माणसांचे आवाज जवळजवळ नाहीसे झाले.’ मग काय झालं ते सगळं, काही न लपवता. किलो म्हणजे हजारच असं तिला आजही वाटतं, तेही लिहिलं. पण निम्मी मोजणी बदलणं हे न बदलण्यापेक्षा वाईट, आणि सगळे प्रोग्रॅम एकत्र बदलता येईपर्यंत नवी खिडकी मागे घेते आहे.

मी मैदानावर पुष्कळ जिंकणारी माणसं पाहिली. सगळ्यांसमोर उभं राहून ‘पाय माझाच रेषेवर पडला’ असं सांगणारी फार थोडी पाहिली. माझी मुलगी त्यातली आहे. हे मला कुणाला ओरडून सांगावंसं वाटत नाहीये. नवलच आहे.

संध्याकाळी दाढीवाले घरी आले. मला तोंड लपवावंसं वाटलं, पण त्यांनीच हात पुढे केला. “निःपक्षपाती जाणकार आपणच ना?” हिनं चहाबरोबर माझी बाजू सावरायचा प्रयत्न केला, पण त्यांचं लक्ष मुंगीकडे होतं.

“म्हणजे तुझ्या मते मी वीस वर्षं चुकीचं माप दाखवत होतो,” ते म्हणाले.

“माप चूक नव्हतं सर. नाव उसनं होतं.”

ते दाढी खाजवत बसले. मग मुंगीनं सांगितलं, की एक हजार चोवीसच्या मापाला स्वतःची वेगळी नावं कधीच ठरलेली आहेत, कुणी वापरत नाही एवढंच. किलोऐवजी किबी, मेगाऐवजी मेबी, गिगाऐवजी गिबी.

“गिबी!” दाढीवाले ओरडले. “हे काय मांजराच्या पिल्लाचं नाव आहे? मी गिबी म्हणायचं? या वयात?”

“तुम्ही म्हणू नका. नुसतं लिहा.”

ते इतके हसले की चहा दाढीवर सांडला. जाताना म्हणाले, “बाकीचे सगळे प्रोग्रॅम बदलायचे तर जुने गल्लीबोळ माहीत असलेला माणूस लागेल तुला. सोमवारी येतो.”

सोमवार, ३ मार्च

डॉक्टरीणबाईंनी घसा तपासला. जखम भरली. आजपासून थोडं थोडं बोलायला हरकत नाही म्हणाल्या. बाहेर येऊन हिला पहिला शब्द म्हटला, “चल.” खडीवरून पत्रा ओढल्यासारखा आवाज. पूर्वीचा परत यायचा नाही म्हणे, पण चालेल इतका येईल.

संध्याकाळी मुंगी आली, चहा घेऊन शेजारी बसली आणि दाढीवाल्यांबरोबरचा पहिला दिवस कसा गेला ते सांगू लागली. मध्ये तिला तोडून डॉक्टरांचं काय सांगायचं, म्हणून राहिलं. उद्या सांगेन.

शनिवार, ८ मार्च

अजून सांगायचं राहिलंय. रोज ती येते आणि काहीतरी सांगत असते. ही म्हणाली, “घसा दुखतो का अजून?” मी म्हटलं, “नाही.” ही म्हणाली, “मग?” मी वही उघडून बसलो.

गुरुवार, २७ मार्च

ठरलं! आज संस्थेतल्या सगळ्या विभागांची सभा झाली. खिडकी, डिस्क, आवाज, चित्रं, सगळे प्रोग्रॅम एकाच दिवशी बदलणार. सगळीकडे हजाराचं माप. ज्याला एक हजार चोवीसचं हवं त्यानं ते निवडावं, पण मग आकड्यापुढे नाव गिबीच दिसेल. दोन मापं राहतील, पण एका नावाखाली नाही. घोषणेत मुंगीचं नाव आहे, तिच्या आधी दाढीवाल्यांचं आहे, आणि दोघांच्याही आधी ग्रंथपालबाईंचे आभार आहेत. मी सवयीनं माझं शोधलं. ते कशाला असेल?

विरोधात मतं पडलीच. एकजण सभेतून उठून गेला. मुंगी म्हणाली, “जाऊ दे, तोही येईल. नाही आला तर त्याला निवडायची सोय आहेच.”

संध्याकाळी आम्ही गॅलरीत होतो. ती सभेचं सांगत होती. दाढीवाले बोलायला उभे राहिले, सगळ्यांना वाटलं आता हे मोडता घालणार, सभागृह चिडीचूप झालं. आणि नेमकी तिथे ती थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, “बाबा, आई सांगत होती, तुम्हाला बोलायची परवानगी मिळून बरेच दिवस झाले.”

मी हिच्याकडे पाहिलं. ही घाईघाईनं वाळत घातलेले कपडे काढायला लागली.

“बोला ना,” मुंगी म्हणाली. “मला ऐकायचंय. काय वाटतं तुम्हाला?”

माझ्याजवळ भाषण तयार होतं. त्यात तिचं लहानपण होतं, तिची जिद्द होती, वाचनालयातला तो दिवस होता, माझा अभिमान तर होताच, आणि पुढच्या वेळी काय करावं याबद्दलच्या चार सूचनाही होत्या. मी घसा खाकरला. ती वाट पाहत होती, कप दोन्ही हातांत धरून.

“मग?” मी म्हणालो. “दाढीवाले उभे राहिले. पुढे काय झालं?”

तिनं खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला लागली.